बारा बटणांचा हातचा

मामाला कुणी वय विचारलं, तर तो आधी स्वतःच्या हाताकडे बघायचा. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकदा फिरवायचा आणि मग सांगायचा, "चार डझन आणि सात." विचारणारा हसून विषय सोडून द्यायचा. यात हसण्यासारखं काय आहे, ते मामाला कधी कळलं नाही. एकतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात, तीही पॅकिंगच्या खोलीत काढलेल्या माणसाला जग डझनांतच दिसणार. इमारतीच्या पायऱ्या त्याच्या लेखी दोन डझन चार होत्या, आणि भाची अर्धा डझन एक वर्षांची.

चार बोटांना तीन-तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा करंगळीच्या तळाशी सुरू व्हायचा आणि अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या टोकाला थांबायचा. तो थांबला की डावा हात आपोआप नवं कार्ड पुढे ओढायचा. पॅकिंगच्या खोलीतल्या सहा टेबलांवर दिवसभर हेच चालायचं. कार्डावर छापलेली बारा वर्तुळं, सहा-सहाच्या दोन ओळी. प्रत्येक वर्तुळावर एक बटण ठेवायचं आणि कार्ड शिवणयंत्राकडे सरकवायचं. पाळी संपली की प्रत्येक टेबलावरून एक चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर दोन चौकटी: डावीकडे भरलेली कार्डं, उजवीकडे उरलेली सुटी बटणं. सगळ्या टेबलांवरची सुटी बटणं गोळा करून त्यांची नवी कार्डं भरायची आणि सहा चिठ्ठ्यांची मिळून एक चिठ्ठी करायची, हे काम मामाचं. ते तो असा झटपट करायचा की नव्याने आलेल्या मुली हातातलं काम टाकून बघत राहायच्या, आणि मामाही मग उगाच थोडं जास्त झटपट करायचा. माणूस साधा होता, पण कौतुक त्याला पचायचं, खोटं कशाला बोला.

शाळा त्याची चौथीत सुटली होती. लग्न तर ठरता ठरता दोनदा राहिलं आणि तिसऱ्यांदा कुणी ठरवायलाच आलं नाही. धाकटी बहीण त्याच्या खालच्याच मजल्यावर राहायची. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची, तिला घरी यायला साडेसात व्हायचे. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठवड्यातून दोन दिवस घरी, आणि त्यातला दीड दिवस झोपेत. त्यामुळे त्यांची मुलगी शाळेतून आली की मामाच्या ताब्यात. तिला सगळे खारू म्हणायचे, कारण खारीसारखं जे मिळेल ते खिशात कोंबून ठेवायची सवय. मामाची पाळी साडेतीनला सुटायची. चारच्या ठोक्याला तो बहिणीच्या घराचं कुलूप उघडायचा, दूध तापत ठेवायचा, पावाला लोणी लावायचा, आणि पाच मिनिटांत जिन्यात दप्तर आपटल्याचा आवाज यायचा. तिथून साडेसातपर्यंतचा वेळ मामाचा. सकाळी सातपासून साडेतीनपर्यंत तो जे काही करायचा, ते चार वाजण्याची वाट बघत करायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

आणि नेमकं याच वेळेवर एका सोमवारी संकट आलं.

बहीण दवाखान्यातून आली, चपला न काढताच खुर्चीत बसली आणि खारूची गणिताची वही तिने मामापुढे उघडून धरली.

"दादा, हे बघ. दोन आकडी संख्या, त्यात दुसरी दोन आकडी संख्या मिळवली. उत्तर किती, तर सहाशे पंधरा."

मामाने बघितलं. चाराखाली दोन आणि सहाखाली नऊ. खाली खारूने डावीकडे सहा लिहिले होते आणि उजवीकडच्या चौकोनात पंधरा कसेबसे कोंबले होते.

"चार आणि दोन सहाच होतात की," मामा म्हणाला. "आणि सहा आणि नऊ पंधरा. पोर खोटं कुठे बोलतेय?"

"तू तिची बाजू घेऊ नकोस. हातचा म्हणून काही असतं, तो तिच्या डोक्यातच शिरत नाही. वर्गात सगळ्यांना यायला लागलं, हिचं अजून सहाशे पंधराच." बहिणीने कपाळ चोळलं. "येत्या शनिवारी वीस गुणांची चाचणी आहे. मी बोलून आलेय. औषधांच्या दुकानाच्या वरती शिकवणी चालते, रोज चार ते साडेसहा. पुढच्या सोमवारपासून घालते हिला."

खारू दाराआडून ऐकत होती. मामाने वही मिटली.

"चार ते साडेसहा?" त्याने विचारलं.

"हो. तेवढंच तुलाही बरं."

बरं कसलं! चार ते साडेसहा गेल्यावर उरतं काय? साडेसहा ते साडेसात. त्यात ती दमून आलेली, जेवणाआधीच पेंगायला लागणार. त्याला एकदम कुलूपबंद दारासमोर हातात किल्ली घेऊन उभा असलेला तो स्वतःच दिसला.

"मी शिकवतो," तो म्हणाला.

बहिणीने त्याच्याकडे बघितलं. ती हसली नाही, पण हसू आवरताना तिचं तोंड जसं व्हायचं तसं झालं.

"तू?"

"शनिवारपर्यंत मुदत दे. रोज सहा टेबलांच्या बेरजा करतो मी. आजवर एकही चिठ्ठी परत आलेली नाही."

"विसांत पंधरा पडले तर शिकवणी नाही," बहीण म्हणाली. "चौदा पडले, तर सोमवारी चार वाजता मी स्वतः सुट्टी काढून तिला नेऊन सोडते. मग कुरकुर करायची नाही. दोघांनीही."

मंगळवारी मामा कारखान्यातून येताना साहेबांना विचारून दोन मुठी बटणं आणि छपाई वाकडी गेलेली रद्द कार्डं घेऊन आला. दूध पिऊन झालं, पाव खाऊन झाला, पावाचा एक तुकडा खारूच्या खिशात गेला, आणि दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. खारूने वही पुढे ओढली. मामाने ती बाजूला सारली.

"आधी वही नाही. आधी माल."

त्याने वहीतलंच एक गणित घेतलं. वर तीन आणि आठ, खाली दोन आणि सात. बघताक्षणी त्याचं मन निवांत झालं. मंडळी उगाच बाऊ करतात, ही तर चिठ्ठीच की. डावी चौकट, उजवी चौकट.

"हे डावीकडचे तीन म्हणजे भरलेली कार्डं. उजवीकडचे आठ म्हणजे सुटी बटणं. हे एका टेबलावरचं झालं. खालचं दुसऱ्या टेबलावरचं. दोन कार्डं, सात सुटी. आता सगळी सुटी एकत्र कर बघू."

खारूने आठ आणि सात बटणं एकत्र ओढली आणि मोजली. "पंधरा."

"एवढी सुटी बटणं टेबलावर ठेवून घरी गेलं तर साहेब काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, पॅकिंगवाले झोपा काढतात. सुटी बटणं एक कार्ड भरण्याइतकी झाली की कार्ड भरायचं. भर."

खारूने रिकामं कार्ड घेतलं. जीभ बाहेर काढून एकेका वर्तुळावर एकेक बटण ठेवलं. कार्ड भरलं. शेवटचं बटण ठेवल्यावर तिने असा काही श्वास सोडला की मामाला तिचा मुका घ्यावासा वाटला.

"आता हे कार्ड सुट्यांच्यात राहील का?"

"नाही. ते कार्डांमध्ये जाणार." तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि डावीकडच्या पाच कार्डांशेजारी नेऊन ठेवलं. मग ती थांबली. कार्डांकडे बघितलं, उरलेल्या सुट्या बटणांकडे बघितलं, मामाकडे बघितलं.

"हाच हातचा?"

"हाच."

"म्हणजे तो हातात नसतोच. तो इकडून तिकडे जातो."

"जातो. हातात ठेवलास तर पाडशील."

खारूने वही ओढली आणि लिहिलं. डावीकडे सहा, उजवीकडे तीन. मामाने तिरक्या नजरेने बघितलं आणि मान डोलावली. सहा कार्डं, तीन सुटी. चोख.

मग तिने ऐकलंच नाही. एकामागून एक गणितं काढत सुटली. कार्ड भरलं की "निघाली गाडी" असं म्हणून ते डावीकडे सरकवायची. तीन आठवडे ज्या वहीकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तीच वही ती आता सोडायला तयार नव्हती. मामा प्रत्येक उत्तर अंगठ्याने पेरांवर तपासायचा आणि म्हणायचा, "पास." साडेसातला बहीण आली तेव्हा दोघं बटणांच्या राशीत बसलेली होती आणि दूध तापवलेलं भांडं तसंच पडलेलं होतं. खारूने आईला हातचा कसा इकडून तिकडे जातो ते समजावून सांगितलं. बहीण दमलेली होती, पण लेकीचा चेहरा बघून तिने भांड्याबद्दल एक शब्द काढला नाही. मामा त्या रात्री वरच्या मजल्यावर गेला तो शीळ घालत.

बुधवारी एकाच ठिकाणी अडलं. तीन आणि सहा, खाली दोन आणि पाच. सुटी बटणं झाली अकरा. खारूने ती कार्डावर मांडली आणि एक वर्तुळ रिकामं राहिलं.

"मामा, भरलं नाही."

"मग गाडी निघणार नाही. सुटीच राहू देत."

"पण बाई म्हणतात, एका घरात एकच आकडा लिहायचा. अकरा म्हणजे दोन आकडे आहेत."

मामा विचारात पडला. कारखान्याच्या चिठ्ठीवर उजव्या चौकटीत अकरा खुशाल लिहीत. पण शाळेचं शाळेला ठाऊक.

"अकरा सुटी आहेत, तर अकराच लिहायची," तो शेवटी म्हणाला. "कमी कसं लिहिणार? ती लबाडी झाली. बारीक अक्षरात लिही, म्हणजे बाईंना राग येणार नाही."

खारूने पाच लिहिले आणि शेजारच्या चौकोनात मुंगीएवढे दोन एक काढले. बाकी घरच्या अभ्यासाची सगळी गणितं तिने स्वतः सोडवली, मामाने स्वतः तपासली, आणि गुरुवारी वही ऐटीत शाळेत गेली.

गुरुवारी वही परत आली नाही. आली ती एक चिठ्ठी. बाईंचं अक्षर गोल आणि शांत होतं. घरी जे कोणी गणित शिकवतात, त्यांनी उद्या पावणेचारला, शाळा सुटताना भेटावं, एवढंच लिहिलेलं.

"वही का ठेवून घेतली?" मामाने विचारलं.

"माहीत नाही. बाई माझी वही बघत होत्या, मग परत बघितली, मग पहिल्यापासून बघितली," खारू म्हणाली. "शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही दाखवली."

मामाला वाटलं, शाबासकीच असणार. मग वाटलं, शाबासकी द्यायला कुणी बोलावून घेत नाही. बहिणीने चिठ्ठी वाचली आणि ती त्याला म्हणाली, "जा. तूच जायला हवंस." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मामाला जास्त भय वाटलं.

शुक्रवारी तो इस्त्रीचा सदरा घालून कामावर गेला. खोलीतल्या मुलींनी विचारलं, आज काय विशेष? तो म्हणाला, काही नाही, बेरजेचं काम आहे. दिवसभरात त्याच्या हातून तीन वेळा बटणं सांडली.

वर्ग रिकामा होता. बाकं इतकी बुटकी की मामाचे गुडघे हनुवटीपाशी आले. खारू शेजारी बसली. बाई वयाने मामापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण तो उठून उभा राहायला लागला आणि बाकात अडकून पुन्हा बसला.

"घरी तुम्ही शिकवता का?" बाईंनी विचारलं.

"हो. मी तिचा मामा. बटणांच्या कारखान्यात असतो."

"दोन-तीन दिवसांत हिच्यात खूप फरक पडलाय. आधी हातचा म्हटलं की रडायची. आता वर्गात सगळ्यांआधी हात वर करते." बाईंनी वही उघडली. "म्हणूनच मला कोडं पडलं. ज्या बेरजेत हातचा नाही, ती बरोबर. ज्यात हातचा आहे, तिथलं प्रत्येक उत्तर बरोबर दोननं कमी. नुसतं चुकलेलं नाही, बरोबर दोननं कमी. आणि इथे एका ठिकाणी हे बारीक अकरा. मी अकरा वर्षं शिकवतेय, मुलं कशीही चुकतात, पण इतक्या शिस्तीत चुकलेलं मी कधी बघितलं नव्हतं."

"चुकलेलं?" मामा म्हणाला. "बाई, सगळी मी तपासलीत."

बाईंनी वही मिटली. "मला तोंडी सांगा. अडतीस आणि सत्तावीस?"

"पासष्ट," मामा ताडकन म्हणाला. वाण्याकडे उभं राहून असले हिशेब तो रोज करायचा.

बाईंनी वही उघडून बोट ठेवलं. वर तीन आणि आठ, खाली दोन आणि सात. "हे अडतीस आणि सत्तावीसच आहेत. उत्तर काय लिहिलंय?"

मामाने वाचलं. सहा आणि तीन. त्रेसष्ट. त्याने डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. तरीही त्रेसष्टच.

"पण हे तर..." तो म्हणाला. "तीन कार्डं आणि आठ सुटी. दोन कार्डं आणि सात सुटी. सुटी पंधरा, त्यातलं एक कार्ड भरलं, राहिली तीन. यात कुठे काय चुकलं?"

"एका कार्डावर किती बटणं असतात?" बाईंनी विचारलं.

"बारा," मामा म्हणाला. आणि शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्याला सगळं उमगलं. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. शाळेतल्या अडतीसात तीन डझन नव्हते. तीन दहा होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. वाण्याच्या दुकानात ठाऊक होतं, बसच्या तिकिटाला ठाऊक होतं. पण दोन चौकटी दिसल्या रे दिसल्या, की त्याच्या डोक्यात पॅकिंगची खोली सुरू व्हायची.

"मी पोरीचं नुकसान केलं," तो म्हणाला.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्या हसल्या. "हातचा काय असतो, ते मला तीन आठवड्यांत हिच्या गळी उतरवता आलं नव्हतं. तुम्ही ते एका दिवसात केलंत. फक्त तुमचं कार्ड शाळेच्या कार्डापेक्षा दोन बटणांनी मोठं आहे. तेवढं लहान करा."

"उद्या चाचणी आहे."

"आज संध्याकाळ आहे ना," बाई म्हणाल्या.

घरी जाताना मामा खाली मान घालून चालत होता. खारू मात्र बडबडत होती. तिला ही सगळी मोठी गंमत वाटत होती. शाळेचं कार्ड दहाचं, कारखान्याचं बाराचं. त्यात एवढं काय? सात वर्षांच्या माणसाला जग बदललं तरी चालतं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला नाही.

जमिनीवर बसल्यावर तिने कात्री आणून त्याच्या हातात दिली.

"काप."

मामाने कार्ड हातात घेतलं. सहा-सहाच्या दोन ओळी. शेवटची उभी जोडी कापली की पाच-पाचच्या दोन ओळी राहणार होत्या, झालं. कात्री कार्डाला टेकली आणि तिथेच थांबली. पॅकिंगच्या खोलीत कमी भरलेलं कार्ड म्हणजे चोरीच्या खालोखालचा गुन्हा. ज्याच्या टेबलावरून कमी कार्ड गेलं, त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर राहायचं. ही कार्डं रद्द होती, वाकडी होती, त्यांच्यावर कधीच बटण शिवलं जाणार नव्हतं, हे सगळं मामाला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

"मामा, दे इकडे," खारू म्हणाली.

"नको. माझी चूक आहे, मीच कापतो." त्याने डोळे मिटले आणि कचकन कापलं. मग दुसरं. चौथ्या कार्डापर्यंत त्याने डोळे उघडले होते.

खारूला दहाचं कार्ड पहिल्या पाच मिनिटांत जमलं. पंधरा सुटी, एक कार्ड भरलं, उरली पाच. आठ आणि तीन अकरा, कार्ड भरलं, उरलं एक. आता बारीक अक्षरात काही लिहायला नको. नाकी नऊ आले ते मामाच्या. तपासायला बसला की अंगठा दहाव्या पेरावर थांबायचं नावच घेत नव्हता. तो आपला सरळ बाराव्यावर जाऊन थडकायचा आणि मामा म्हणायचा, "चुकलं." खारू म्हणायची, "बरोबर आहे." बटणं मोजायची, आणि दर वेळी खारूचं बरोबर निघायचं. शेवटी तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, पेनाने पहिल्या बोटाच्या सर्वांत खालच्या पेरावर एक ठिपका काढला आणि म्हणाली, "इथे गाडी निघते. याच्यापुढे जायचं नाही."

साडेसातला बहीण आली तेव्हा जमिनीवर कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या, खारू गणितं घालत होती आणि मामा सोडवत होता. त्याने बाईंनी सांगितलेलं सगळं बहिणीला सांगून टाकलं. काही लपवलं नाही. बहीण आधी नुसती ऐकत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मामाला हसू आलं नाही. त्याला दिसत होता तो सोमवार.

शनिवारची पाळी संपता संपेना. साडेतीनला तो असा निघाला की दारावरच्या रखवालदाराला नेहमीचा हात करायचाही विसरला. बहिणीचा दवाखाना शनिवारी दुपारी बंद असायचा, त्यामुळे कुलूप उघडायचं नव्हतं. दार उघडंच होतं. आत मायलेकी टेबलाशी बसलेल्या, दोघींचे चेहरे दगडासारखे. मध्ये चाचणीचा कागद उलटा ठेवलेला.

"किती?" मामाने दारातूनच विचारलं.

"आधी चपला काढ," बहीण म्हणाली.

"किती पडले ते सांग."

"तूच बघ."

त्याने कागद सुलटा केला. दहा गणितं, प्रत्येकी दोन गुण. नजर आधी लाल फुल्यांवर गेली. एकात तिने सहाऐवजी उलटे सहा लिहिले होते, आणि ते नऊ झाले होते. दुसऱ्यात उत्तर बरोबर दोननं कमी होतं.

"ते एक मी चुकून कारखान्याचं केलं," खारू म्हणाली.

कोपऱ्यात एका गोलात आकडा होता. मामाने तो वाचला, अंगठा आपोआप हलला.

"एक डझन चार," तो हळूच म्हणाला.

"सोळा म्हण, दादा," बहीण म्हणाली, आणि तिचा दगडासारखा चेहरा फुटला.

मामा खुर्चीत बसला. चपला अजून पायातच होत्या. त्याला हसायचं होतं, पण भलतंच काहीतरी होऊ लागलं म्हणून तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि स्वच्छ असलेलं भांडं घासायला घेतलं. बहीण त्याच्या मागोमाग आली.

"काय झालं?"

"काही नाही." त्याने नळ बंद केला. बोलायचं नव्हतं, पण आता राहवेना. "चार वाजता घरी येऊन मी काय केलं असतं, सांग? वर जाऊन भिंतीकडे बघत बसलो असतो. दिवसभर मी तेवढ्याच वेळेसाठी उभा असतो गं. मला तिच्या गणिताची काळजी नव्हती. माझी होती. स्वार्थानेच शिकवायला बसलो आणि त्यातही घोटाळा करून ठेवला."

बहिणीने त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"दादा, ती शिकवणी मी अर्धी तुझ्यासाठी शोधली होती."

"माझ्यासाठी?"

"साडेआठ तास उभं राहून येतोस. आल्या आल्या माझी पोर तुझ्या गळ्यात. दूध दे, पाव दे, तिच्याशी खेळ, मी येईपर्यंत थांब. एका शब्दाने कधी बोलला नाहीस, म्हणून मलाच लाज वाटायची. म्हटलं, सुटेल बिचारा. घरी येऊन पाय पसरून बसेल." तिने भांडं पुसायला घेतलं. "महिनाभर विचार करत होते, हे तुला कसं सांगायचं. मग गणिताचं निमित्त मिळालं."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. लहानपणी तिला बोट धरून शाळेत सोडायला जायचा तेव्हा ती वळून बघायची, तशीच ती आत्ता बघत होती.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"तू सांगायचंस."

"बरं. आता सांगितलं."

"मग आता मी परत कधी विचारणार नाही. ती तुझीच आहे चार वाजल्यापासून," बहीण म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून दुधाचं भांडं शेगडीवर ठेवलं.

खारू दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या हातात वही होती.

"मामा, सोमवारपासून हातच्याची वजाबाकी आहे. तुला येते का?"

"येते तर," मामा म्हणाला. "सुटी कमी पडली की एक भरलेलं कार्ड फोडायचं. अगदी सोपं."

"आणि फोडल्यावर किती सुटी होतात?"

मामाने हात पुढे करून पहिल्या बोटाच्या तळाशी बघितलं. शाई अर्धी पुसली होती.

"थांब," तो म्हणाला. "मोजून सांगतो."